मुजावर आडनावाचे मूळ काय, आणि खान्देशात ही घरे इतकी तुरळक का?

तापीकाठ (यावल)

राम राम मंडळी. 'मुजावर' या आडनावाबद्दल खात्रीची माहिती हवी आहे. शब्द अरबी आहे, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते, पुढे मते फुटतात. कोणी ते 'मुजरा'वरून आले म्हणतो, कोणी 'शेजार'शी जोडतो, तर कोणी म्हणतो की ज्यांचे आडनाव मुजावर त्यांचे पूर्वज अरबस्तानातून आलेले. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे हे आडनाव सहज कानावर पडते. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारात मात्र पिंजारी, मण्यार, खाटीक, तडवी ऐकू येतात, मुजावर क्वचितच. असे का? खान्देशात एकूण किती घरे असतील, हे मोजायचा काही भरवशाचा मार्ग आहे का? आणि इंग्रजीत कोणी 'झेड' घालून लिहितात, कोणी 'जे' घालून, कोणी शेवटी 'व्ही' तर कोणी 'डब्ल्यू'. यातले बरोबर कोणते?

शब्दमूळ

तापीकाठदादा, आधी शब्दाचे पाहू.

अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर उभा असतो. इथे धातू ज-व-र, म्हणजे जीम, वाव, रे. अर्थ जवळ असणे, शेजारी राहणे. 'जार' म्हणजे शेजारी, 'जिवार' म्हणजे शेजार, सान्निध्य. उर्दूत आसपासच्या मुलखाला 'कुर्ब-ओ-जवार' म्हणतात, तो जवार याच घरातला. याच धातूचे कर्तरी रूप 'मुजाविर', म्हणजे जो (पवित्र स्थळाच्या) सान्निध्यात राहतो तो.

सुरुवातीला या शब्दात झाडलोट, दिवाबत्ती काही नव्हते. मक्केत किंवा मदिनेत जाऊन इबादतीसाठी तिथेच मुक्काम ठोकणाऱ्याला मुजाविर म्हणत. ११४४ साली वारलेले विद्वान जमखशरी मक्केत राहिले म्हणून त्यांना 'जारुल्लाह', अल्लाहचा शेजारी, ही पदवी मिळाली. कैरोच्या अल-अजहरमध्ये राहून शिकणारे विद्यार्थीही मुजाविरच म्हणवले जात. पुढे हा शब्द फारसीतून हिंदुस्थानात आला आणि त्याचा अर्थ आवळला गेला: दर्ग्यापाशी राहून कबरीची सेवा करणारा. मराठीने उचलला तो हा आवळलेला अर्थ. तुर्की भाषेत तर शब्द वेगळ्याच वाटेने गेला. तिथे नगरपालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या क्षेत्राला आजही 'मुजाविर' क्षेत्र म्हणतात. धातूतला 'लगतचा' हा अर्थ तिथे शाबूत राहिला.

'मुजाविर'चे 'मुजावर' कसे झाले? अरबी शब्दातील शेवटच्या अक्षराआधीचा ऱ्हस्व इकार मराठी बोलीत बहुधा टिकत नाही. मालिक–मालक, वारिस–वारस, हाजिर–हजर, मुसाफिर–मुसाफर ही रांग पाहा. मुजाविर–मुजावर याच रांगेत बसतो. म्हणून 'मुजावर' हे अशुद्ध रूप नव्हे, मराठी वळणाचे रीतसर रूप आहे. उर्दू कागदात मीम-जीम-अलिफ-वाव-रे असेच लिहिलेले सापडेल, कारण ऱ्हस्व इकार तिथे लिहीतच नाहीत.

'मुजरा' वेगळा. त्याचा धातू ज-र-य, म्हणजे वाहणे, चालू होणे. 'शेजार'शी अर्थ जुळतो आणि शेवटही जुळल्यासारखा वाटतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. शेजार आपल्याच भाषाकुळातला आहे, अरबीतून आलेला नाही.

इंग्रजी अक्षरांचे म्हणाल तर 'जे' बरोबर, 'झेड' चूक. मराठीत ज चे दोन उच्चार आहेत, 'जसा'मधला आणि 'जीव'मधला, त्यामुळे लिहिणाऱ्याचा गोंधळ होतो. मूळ अरबी अक्षर जीम आहे, 'झेड'सारख्या उच्चाराची ज़े किंवा ज़ाल ही अक्षरे नव्हेत. 'झेड' घातला की शब्द दुसऱ्याच धातूवर जातो. ज़-व-र वरून 'मुज़व्विर' हा वेगळा अरबी शब्द आहे आणि त्याचा आजचा रूढ अर्थ खोटे कागद करणारा! आडनावात ही चूक राहू देऊ नये. शेवटचा 'व्ही' की 'डब्ल्यू' हा मात्र निव्वळ सवयीचा भाग. अरबीत ते एकच अक्षर आहे, वाव.

दफ्तर_धुळे

शब्दमूळ यांनी शब्द नीट उलगडला. मी हुद्द्याविषयी सांगतो, कारण हे आडनाव मुळात कुळाचे नाव नसून कामाचे आहे. कुलकर्णी, चौगुला, कोतवाल जसे, तसेच हे. अरबस्तानातून आल्याचा पुरावा या आडनावातून अजिबात निघत नाही. फारुकी, सिद्दीकी, कुरेशी ही आडनावे वंशाचा दावा सांगतात. आपल्या खान्देशवर १३८२ ते १६०१ राज्य करणारे थाळनेर-बुऱ्हाणपूरचे सुलतान स्वतःला खलिफा उमर फारुक यांचे वंशज मानत, म्हणून ते फारुकी. मुजावर तसला दावा करत नाही. अमुक दर्ग्याची सेवा या घराकडे आहे, एवढेच तो सांगतो. म्हणून दोन गावांतल्या दोन मुजावर घरांचा मूळपुरुष एक असण्याचे काहीच कारण नाही.

दर्ग्याभोवती तीन हुद्दे असतात आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात. सज्जादानशीन म्हणजे पिराच्या गादीवर बसणारा, त्याचा अधिकार आध्यात्मिक परंपरेचा. मुतवल्ली म्हणजे मिळकतीचा व्यवस्थापक, जमाखर्चाला कायद्याने जबाबदार. मुजावर म्हणजे प्रत्यक्ष सेवेकरी. झाडलोट, चिराग, लोबान, गलफ (कबरीवरची चादर) चढवणे, उरुसात संदल लावणे, आलेल्यांची फातेहा करून देणे ही त्याची कामे. मोठ्या दर्ग्यात ही तीन वेगळी घरे असतात, खेड्यातल्या पिरावर एकच घर तिन्ही कामे करते. पण कागदावर हुद्दे तीनच राहतात. अमुकच्या नावापुढे मुजावर लागले म्हणून तो मुतवल्ली ठरत नाही.

आता या कामाचा मोबदला, कारण आडनावाचा माग तिथेच लागतो. सेवेबद्दल दर्ग्याला जमीन इनाम मिळायची आणि सेवा करणारे घर ती कसून खायचे. ब्रिटिशांनी १८१८ मध्ये खान्देश घेतल्यावर आणि विशेषतः १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसल्यावर प्रत्येक इनामाची चौकशी होऊन वर्ग पडले. सरंजाम वर्ग १, जातइनाम (व्यक्तीला दिलेले) वर्ग २, देवस्थान वर्ग ३, पुढे वतने. दर्गा आणि मशिदीची जमीनही 'देवस्थान' याच शब्दाखाली वर्ग ३ मध्ये गेली. म्हणून पिराच्या जमिनीच्या उताऱ्यावर देवस्थान शब्द दिसला तर दचकू नका, तो मंदिराचा पुरावा नव्हे.

शोधाचा माझा क्रम असा राहील. आधी आडनाव नव्हे, दर्गा धरा. घर ज्या गावचे, तिथल्या पिराचे नाव आणि त्या जागेचा सर्व्हे किंवा गट नंबर मिळवा. मग तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ३ मागा. ही दुमाला जमिनींची नोंदवही, इनामे हिच्यात असतात. तिथून त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे नमुना ६, मागे मागे वाचत जा. वारसाच्या फेरफारात एकेका पिढीची नावे उघडी पडतात. सोबत कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना १४, आणि गावच्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर. सगळ्यांच्या साक्षांकित नकला घ्या. मोबाइलवर काढलेला फोटो पुढे कुठल्याच कार्यालयात चालत नाही.

अडते कुठे? पहिले म्हणजे लिपी. स्वातंत्र्यापूर्वीचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे नाव, बापाचे नाव आणि हुद्दा एका ओळीत सलग येतात. मध्ये 'बिन' किंवा 'वल्द' हा खुणेचा दगड. दोन्ही अरबी, दोन्हींचा अर्थ मुलगा, आणि ते हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या नावात येतात. 'चांद वल्द लाल मुजावर' या ओळीत मुजावर हा हुद्दा चांदचा की लालचा, हे एका कागदावरून ठरवू नये. पुढच्या फेरफारात चांदच्या मुलांपुढेही तो शब्द आला, तरच तो आडनाव झाला असे धरा.

दुसरे म्हणजे साल. महसुली कागदावर फसली सन, म्हणजे शेतीच्या हंगामावर आधारलेले साल, असते. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येते, फसली वर्षाचा उत्तरार्ध (जानेवारीपासून पुढचा) असेल तर ५९१. फसली १३०० म्हणजे १८९०–९१. पेशवाईतला कागद असेल तर सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो, एकक आधी आणि हजार शेवटी. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २ + ७० + १०० + १०००, म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवा, १७७१–७२ आले. फसली समजून यातही ५९० मिळवले तर नऊ वर्षांची चूक पडते आणि पिढ्यांचा मेळ बसत नाही. ही चूक फार होते.

जुने मोडी कागद वाचायला धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आपल्याला सगळ्यात जवळचे. राजवाडे वारल्यावर लगेच १९२७ मध्ये ते उभे राहिले. इनाम कमिशनचे आणि पेशवे दफ्तराचे कागद पाहायचे असतील तर मात्र पुण्याच्या पुराभिलेखागारात जावे लागेल.

गिरणाथडी

मोजणीबद्दल माझ्याकडून. पहिली गोष्ट, जनगणनेतून आडनावाचा आकडा कधीच मिळणार नाही. नाव लिहून घेतात, पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ते पाहायला मिळत नाही, आणि आडनावाचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. इंटरनेटवर आडनावांची लोकसंख्या सांगणारी जी संकेतस्थळे आहेत त्यांच्यावर विसंबू नका. ती तुकड्यातुकड्यांच्या याद्यांवरून अंदाज बांधतात आणि एकाच आडनावाची चार स्पेलिंगे चार वेगळी आडनावे म्हणून मोजतात.

उरला एकच व्यवहार्य मार्ग, मतदार यादी. योगायोगाने आपले काम सोपे आहे, कारण राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांचे क्रमांक खान्देशातूनच सुरू होतात. १ ते ४ नंदुरबार जिल्हा, ५ ते ९ धुळे, १० ते २० जळगाव. १ अक्कलकुवा ते २० मुक्ताईनगर घेतले की तिन्ही जिल्हे झाले. ज्यांना जुना, सांस्कृतिक खान्देश धरायचा आहे त्यांनी नाशिक जिल्ह्यातले ११४ मालेगाव मध्य, ११५ मालेगाव बाह्य आणि ११६ बागलाण जोडावेत, पण वेगळ्या रकान्यात. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, त्याची यादी निराळी.

यादी भागवार पीडीएफमध्ये मिळते. एका भागात साधारण हजार-दीड हजार मतदार, एका पानावर ३० चौकटी. पाने चित्ररूप असल्याने त्यात थेट शोध चालत नाही. मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचणारी संगणकप्रणाली, लावावी लागते. त्यातल्या टेसरॅक्टचे मराठी मॉडेल पुरते, पण पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढा आणि तिन्ही उभे रकाने कापून वेगळे करा. नाही तर ओळी आडव्या वाचल्या जातात आणि एकाचे आडनाव दुसऱ्याला चिकटते. शोधताना 'मुजावर' पूर्ण टाकू नका. 'मु'चा 'मृ', 'गु', 'सु' असा काहीही होतो. नुसते 'जावर' आणि 'झावर' शोधा आणि आलेली प्रत्येक चौकट डोळ्याने तपासा. पुरवणी यादीतली वगळलेली नावे वजा करा. ओळखपत्र क्रमांक तीन अक्षरे आणि सात अंकांचा असतो, त्यावरून दुबार नोंदी काढा.

घरे मोजताना घर क्रमांकावर भिस्त ठेवू नका. खेड्यांच्या याद्यांत तो रकाना पुष्कळदा निरुपयोगी असतो. वडिलांचे किंवा पतीचे नाव धरून गट पाडा. आणि ही मोजणी १८ वर्षांवरच्यांचीच आहे. तिला कुठल्या तरी सरासरीने गुणून लोकसंख्या काढली तर लहान आकड्यावर चूक प्रचंड वाढते. तीन जिल्ह्यांची २०११ ची लोकसंख्या सुमारे ७९ लाख. त्यात काही डझन किंवा काही शे घरांचे आडनाव असेल तर दहा घरांचीही चूक मोठी. निष्कर्ष लिहिताना गाव आणि आकडा द्या, माणसांची नावे छापू नका.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आडनावाने सातबारा शोधता येतो, पण गाव एकेक निवडून, आणि सापडतात फक्त खातेदार. तपासणीला ठीक, मोजणीला नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अडचण नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे, आणि मुजावर इथे तुरळक दिसण्याचे निम्मे कारण मला तेच वाटते. दक्षिण महाराष्ट्रात नाव, बापाचे नाव, मग कामाचे आडनाव अशी रीत: मुलाणी, मुजावर, शिकलगार, नदाफ. आपल्याकडे आणि मराठवाडा-वऱ्हाडात 'शेख अमुक शेख तमुक' अशी रीत पुष्कळ. यादीत तर ते 'शे.' (शेख) आणि 'सै.' (सय्यद) असे आखडून येते. त्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या दर्ग्याची सेवा असली तरी कागदावर मुजावर हा शब्द उमटतच नाही. म्हणजे यादीतून निघणारा आकडा आडनाव लावणाऱ्यांचा, काम करणाऱ्यांचा नव्हे.

मग पिंजारी, मण्यार, खाटीक ही कामाचीच नावे आपल्याकडे का टिकली? कारण त्या बिरादऱ्या आहेत. गावोगाव घरे, आपसात सोयरीक, जमातीचे नाव म्हणून शब्द घट्ट झाला. मुजावर म्हणजे एका पिरामागे एक घर, फार तर भावकी. सोयरीक बाहेर, त्यामुळे नाव वाढायला जागाच नाही. जाता जाता एक: कापूस पिंजणाऱ्याला दक्षिणेत अरबी 'नदाफ' म्हणतात, खान्देशात मराठी 'पिंजारी'. काम तेच. अरबी शब्द आडनावात टिकणे हे माणसांच्या मुळापेक्षा त्या मुलखाच्या सवयीवर ठरते, याचा याहून चांगला दाखला नाही.

तापीकाठ (यावल)

सर्वांचे मनापासून आभार. दफ्तर_धुळे, अजून एक विचारतो. एकाच घराच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात 'मुलाणी' आणि फेरफारात 'पीर देवस्थान, वहिवाटदार मुजावर' असे असेल तर ते एकच घर धरायचे का? आणि वहिवाटदार म्हणजे जमीन त्या घराच्या मालकीची झाली का?

दफ्तर_धुळे

दादा, दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान होते. नाही. वर्ग ३ मध्ये मालक रकान्यात देवस्थान, वहिवाटदार फक्त सेवेच्या बदल्यात कसणारा. वारसाने वहिवाट बदलते, मालकी बदलत नाही. जातइनामे १९५२ च्या कायद्याने खालसा झाली, देवस्थान इनामे तशी झाली नाहीत. त्यामुळे 'इनामे तर गेली, आता जमीन आपली' हे गावोगाव ऐकू येणारे वाक्य इथे लागू नाही. परवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही. जमीन वक्फ म्हणून नोंदलेली असेल तर १९९५ च्या वक्फ कायद्याची बंधने आणखी वर. वाटणीच्या फेरफारात भावाभावांत गट फोडलेला दिसला तरी ती वहिवाटीची सोय समजा. पुष्कळ ठिकाणी जमीन न फोडता पाळी लावतात, या वर्षी या भावाचा चिराग आणि नजराणा, पुढच्या वर्षी त्याचा. पाळीचा कागद घरात असेल तर जपून ठेवा. भावकीची शाखा त्यातून जितकी स्पष्ट कळते तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही.

मुलाणी आणि मुजावर एकाच घरात येऊ शकतात. खेड्यातला मुलाणा गावकीतला मानकरी, बकरे हलाल करणे त्याच्याकडे, आणि पिराची दिवाबत्तीही पुष्कळदा त्याच्याचकडे. शाळेच्या मास्तरांनी गावात ज्या नावाने हाक मारतात ते लिहिले, सर्कलने, म्हणजे महसूल मंडळ अधिकाऱ्याने, ज्या कामाबद्दल जमीन ते लिहिले. पण निव्वळ गाव एक म्हणून दोन नोंदी जोडू नका. बापाचे नाव, आजाचे नाव आणि गट नंबर यातल्या निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. शेख लाल, शेख चांद ही नावे एका गावात तीन-तीन सापडतात.

शब्दमूळ

एक पुरवणी. गॅझेटमध्ये नाव बदलाची जाहिरात देऊन स्पेलिंग दुरुस्त करणार असाल तर मराठीत 'मुजावर' हेच ठेवा, 'मुजाविर' करू नका. शाळेचा दाखला, सातबारा आणि फेरफार सगळीकडे मराठी रूप आहे. अरबी शुद्धतेसाठी एक इकार वाढवला की जुन्या प्रत्येक कागदाशी नाव जुळवून दाखवण्याचे काम मागे लागते. दुरुस्ती करायची ती फक्त इंग्रजीतल्या 'झेड'ची.

गिरणाथडी

तापीकाठदादा, मोजणी हाती घेणार असाल तर ११ रावेर आणि १० चोपडा यांपासून सुरू करा, यावल तालुक्याची गावे या दोन मतदारसंघांत विभागलेली आहेत. एक भाग आधी हाताने मोजा, मग तोच ओसीआरने. दोन आकड्यांत फरक किती पडतो ते पाहूनच पुढच्या याद्यांना हात घाला.